डाव्या दिव्यावरचा अंगठा

—घ्या ना, कॉफी घ्या, निवतेय. आत्ताच उकळलीय, वेलदोडाही जरा सढळ हातानं घातलाय. नको? बरं, असू दे समोर, सवडीनं घ्या. पंखा इकडं वळवू का? दुपारचं हे झर्का शहर म्हणजे नुसता तवा असतो, आणि तुम्हाला आता कॅनडातल्या थंडीची सवय. तर डबी हवी म्हणता. लाकडाची करून देतो, आतून मऊ काहीतरी लावतो, विमानात सामान कितीही आपटलं तरी काचेला धक्का लागायचा नाही. तासाभराचं काम आहे. तो रुमाल उघडू नका, राहू द्या तसाच, मला मापासाठी बल्ब बघायची गरज नाही — माहीत आहे मला केवढा आहे तो. म्हणजे — असे जुने बल्ब रोज बघतो ना, त्या अंदाजानं. हा तर मी पाहिलेलाच नाही म्हणा ना. तुमच्या चाचांनी आधीच बजावलं होतं, डाव्या पुढच्या दिव्याला हात लावायचा नाही, आणि मी काही लावला नाही. गाडीची बाकी सगळी वायरिंग मी केली, तीन दिव्यांचे बल्ब रंगवले, मागचे दोन आणि उजवीकडचा पुढचा. डावा तेवढा सोडून.

हे अंगठ्याला? काही नाही, टेप आहे. आम्ही वीजवाले लोक जखमेला पट्टी थोडीच लावतो, हाताशी टेप असते तीच गुंडाळतो. शुक्रवारपासून आहे. भाजलं असेल कुठंतरी. उस्ताद हागोप असते तर ओरडले असते. माझे उस्ताद — अम्मानला त्यांचं दुकान होतं, आठवीतून शाळा सोडली आणि त्यांच्याकडं लागलो, सहा वर्षं होतो. आर्मेनियन माणूस, हात असा स्वच्छ की वकिलाचा वाटावा. बल्ब रंगवायला त्यांनीच शिकवलं मला. लोक ब्रशनं रंग लावतात, ते चूक, त्याचे फराटे उठतात आणि दिवा लागला की रस्त्यावर ते फराटेच दिसतात. बल्ब बुडवायचा. रंग पातळ हवा, दुधावर साय धरायच्या आधी दूध असतं ना, तेवढाच. बुडवायचा, उलटा टांगायचा, एक थेंब खाली जमतो तो कागदानं टिपायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा हात, मग तिसरा. जाड झाला तर उजेड मरतो, पातळ झाला तर उन्हात नारंगी पांढरा दिसतो. आणि काचेला बोट नाही लावायचं. कधीच नाही. फडक्यानं धरायचा. बल्बवर बोटाचा ठसा दिसला की उस्ताद तो माझ्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, ‘हे काय आहे? गिऱ्हाइकाला सांगायचंय का, नायफ आला होता म्हणून?’ बस, एवढंच म्हणायचे. पण तेव्हापासून मला काचेवर ठसा दिसला की माझा हात आपोआप कापसाकडं जातो. आपोआप जातो, दादा. मी विचारही करत नाही.

तुम्ही घेतली नाहीत अजून कॉफी.

नाही, काही नाही, उगाच विचारलं. इथले लोक असते तर मी विचारलं असतं, काय काम आहे, सांगून टाका. तुम्ही लहानपणीच आईबरोबर मामांकडं गेलात, तुम्हाला आठवत नसेल कदाचित. आपल्याकडं मोठ्या कामासाठी कोणी आलं, की यजमानानं कॉफी ओतायची आणि पाहुण्यानं ती तशीच समोर ठेवायची. शिवायचीसुद्धा नाही. मग यजमानानं ओळखायचं, याचं काही मागणं आहे. तो म्हणतो, ‘प्या, जे मागायला आलात ते मिळालं.’ की मग प्यायची. मुलगी मागायला जातात तेव्हा असंच, खुनाचं वैर मिटवायला जातात तेव्हाही असंच. आणि त्या दोघांच्या मधे जी कॉफी गार होत असते ना, तिच्याकडं सगळी खोली बघत असते. तुम्हाला माहीतच असेल. चाचांच्या घरात राहिलाय तीन-चार दिवस.

अबू राकान चाचा पहिल्यांदा आले ना इथं, या खुर्चीवर बसले होते. तुम्ही बसलात त्याच. लँड रोव्हर बाहेर टेम्पोवरून उतरवत होते, वाळूच्या रंगाची, नवा रंग दिलेली, अगदी वधूसारखी. मी कॉफी ओतली आणि त्यांनी कप इथं, या डागावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. मला आधी कळलंच नाही. वाटलं, गरम असेल. मग बघतो तर बसलेत तसेच. सैन्यातला माणूस, मिशा बर्फासारख्या, छातीवर पदकांच्या पट्ट्या — आणि माझ्यापुढं कप ठेवून बसलाय. माझ्यापुढं. मी चोवीस वर्षांचा, दाढीसुद्धा नीट येत नाही, गिऱ्हाईक जरा जोरात बोललं तरी मी गाडीखाली शिरतो. माझ्यापुढं आजवर कोणी कप ठेवला नव्हता, कोण ठेवणार, काय आहे माझ्याकडं द्यायला? मला इतकी लाज वाटली, आणि खरं सांगू, इतका आनंद झाला, की मी लगेच बोलून गेलो, ‘प्या चाचा, मिळालं म्हणून समजा.’ मागणं काय ते ऐकायच्या आधीच. तसंच म्हणायचं असतं, आधीच म्हणायचं, त्यातच मोठेपणा. ते प्याले. मिशा पुसल्या. म्हणाले, ‘पुढच्या डाव्या दिव्याला हात लावू नकोस. बाकी गाडी तुझी, हवं तसं कर. फक्त नवीन काही घालू नकोस, जे आहे त्यातूनच भागव.’ मी म्हणालो, ‘तुमचा शब्द डोळ्यांवर.’ आणि का, ते विचारलं नाही. शब्द दिल्यावर का विचारत नाहीत.

पण विचारायला हवं होतं. का नाही विचारलं मी? लाजलो म्हणून. मला वाटलं, शब्द देऊन टाकला, आता विचारलं तर वाटेल पोरगा शब्द मागं घेतोय.

तर असं आहे. डबी. डबीला मागं बिजागरी लावू का नुसतं झाकण?

बरोबर, तुम्ही मगाशी विचारलंत ते ऐकलं मी. मीच बसवला का म्हणून. पाहिलंच नाही म्हणालो आणि केवढा आहे ते माहीत आहे असंही म्हणालो, दोन्ही म्हणालो. मला खोटं बोलता येत नाही, दादा. म्हणजे बोलतो, पण टिकवता येत नाही. थांबा, मला एक घोट पाणी घेऊ दे.

लावला मी हात. तीन दिवे झाले होते, इतके छान झाले होते, मी बाहेर रस्त्यापलीकडं जाऊन बघत होतो, भर दुपारी, आणि नारंगी असा लुकलुकत होता की शेजारच्या टायरवाल्यानं विचारलं, नवे आणलेस का? आणि डावा पुढचा मेलेला. सैन्यदिनाच्या मिरवणुकीत जुन्या गाड्या चारही दिवे लुकलुकवत जाणार, चाचांनी सांगितलं होतं, आणि या गाडीचा एक डोळा आंधळा. लोक विचारणार, वायरिंग कोणी केली? झर्क्याच्या नायफनं. मला ते सहन होईना. आणि मी माझी समजूत घातली, बघा, मनात कसं असतं — मी म्हणालो, म्हाताऱ्यांना भीती असते, गंजलेले स्क्रू तुटतील, काच फुटेल, म्हणून हात लावू नको म्हणाले असतील. मी इतक्या हलक्या हातानं करेन की त्यांना कळणारही नाही, आणि मिरवणुकीच्या दिवशी अचानक चारही लागतील. ते खूश होतील. मी त्यांना खूश करायला निघालो होतो. शब्द मोडतोय असं एकदाही मनात आलं नाही, उलट शब्दापेक्षा जास्त देतोय असं वाटत होतं.

स्क्रू तुटले नाहीत. तेल सोडून रात्रभर ठेवले होते. काच काढली. आत वायर तुटलेली, कधीची कोण जाणे, टोकं हिरवी पडलेली. ती जोडली. आणि बल्ब होता निळा. ठिकठिकाणी उडालेला रंग, गडद, असा दाट बसलेला, कोणीतरी घाईनं बुडवलेला. आणि त्याच्यावर, होल्डरच्या जरा वर, अंगठा उठलेला. तिरका. अख्खा.

मी काय केलं असेल?

उस्तादांनी सहा वर्षं जे शिकवलं ते केलं. मनात म्हणालो, काय गचाळ काम आहे हे. कापूस घेतला, स्पिरिट घेतलं, आणि पुसला. दोन पुसण्यांत गेला. निळा सगळा कापसात आला आणि काच आरशासारखी झाली, आणि मी ती उजेडाकडं धरून फिरवून बघितली, कुठं राहिलाय का. राहिला नव्हता. कापूस डब्यात फेकला. नवीन काही घालायचं नाही म्हणाले होते ना, म्हणून तोच बल्ब ठेवला — तेवढं मात्र मी पाळलं, बघा, काय अक्कल. नारंगीत बुडवला, तीन हात दिले, वाळवला, बसवला. बटण दाबलं आणि लागला. पंचेचाळीस वर्षांनी पहिल्यांदा लागला तो, आतली तार कोरी होती, वायर तुटल्यापासून एकदाही जळली नव्हती. मी एकटाच इथं उभा राहून हसत होतो. चहा मागवला स्वतःसाठी.

ते बुधवारी. त्याच दिवशी, अजून चहा यायचा होता, चाचांचा फोन आला. मी फार फोनवर बोलत नाही, नुसतं ‘हो चाचा’ म्हणतो. ते खुशीत होते. म्हणाले, माझ्या भावाचा मुलगा येतोय, मिझलचा मिझल. बाप गेला तेव्हा आईच्या पोटात होता, म्हणून बापाचंच नाव ठेवलंय. त्याला मी काही सांगितलेलं नाही, मिरवणुकीच्या दिवशी दाखवणार आहे. मी म्हणालो, ‘काय दाखवणार, चाचा?’ हे मी विचारलं बघा. जे दहा दिवस आधी विचारायचं ते तेव्हा विचारलं. आणि मग त्यांनी सांगितलं मला सगळं, तुम्हाला सांगितलं असेल तेच — की सदुसष्टच्या जूनमध्ये लढाई लागली आणि हुकूम आला, सगळे दिवे निळे करा, वरून विमानांना दिसता कामा नयेत. आणि रंग कोणाकडं होता? तर तुमच्या वडिलांनी कपड्यांची नीळ घेतली, चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून त्यात कालवली, चहाच्या पेल्यात, आणि एकेक बल्ब बुडवून दिला. शेवटचा हा, डावा. तो वाळायच्या आधीच निघायची शिट्टी झाली, आणि त्यांनी तो तसाच ओला धरून होल्डरमध्ये दाबला. चाचा ओरडले, अरे, घाण केलीस त्याची. आणि ते म्हणाले, ‘असू दे, सही आहे माझी.’ त्यांना लिहिता येत नव्हतं ना. पगाराच्या वहीत अंगठाच उठवायचे, निळ्याच शाईत.

गाडी नदीपलीकडं गेली ती त्यांनी चालवत नेली. परत आणली ती चाचांनी. त्याच वेळी कधीतरी डाव्या बाजूला तुकडा लागला आणि दिव्याची वायर तुटली, म्हणून तो बल्ब परत कधी तापला नाही, आणि नाही तापला म्हणूनच रंग राहिला. बाकीचे सगळे जळून उडाले. कबर कुठं आहे माहीत नाही, फोटो ओळखपत्रावर एकच होता तो त्यांच्याबरोबरच गेला, पगाराची वही चाचांनी शोधली, त्या सालची मिळत नाही म्हणाले. बारा वर्षं लिलावांवर नजर ठेवून ही गाडी मिळवली त्यांनी. गाडीसाठी नाही, दादा. त्या एका बल्बसाठी.

मी म्हणालो, ‘हो चाचा.’ अजून एकदा म्हणालो, ‘हो चाचा.’ फोन ठेवला. दिवा तसाच लुकलुकत होता समोर. बंद करायचं राहिलं होतं. चहावाला आला, म्हणाला, झकास झालाय की रे.

नका बघू असं. म्हणजे — बघा, तुमचा हक्क आहे. मीच खाली बघतो.

सांगितलं असतं तेव्हाच तर काय झालं असतं? ओरडले असते. कदाचित रडले असते. मी पाय धरले असते. पण ते सगळं फोनवर व्हायला हवं होतं, त्या एका मिनिटात, आणि ते मिनिट गेलं. मग वाटलं, संध्याकाळी जाऊन सांगतो. मग वाटलं, उद्या. आणि दरम्यान माझे हात कचऱ्याच्या डब्यात होते. कापूस सापडला. ग्रीसच्या चिंध्यांखाली होता, पण सापडला, निळाच्या निळा. मी तो वाटीत ठेवला, त्याच्यावर स्पिरिट सोडलं आणि पिळला. थोडासाच उतरला रंग, नखभर. बाकीसाठी आईच्या कपाटातली नीळ घेतली, चपडा सुताराकडून आणला. ते दोन्ही एकत्र कालवले. म्हणजे — मला हे तुम्हाला सांगायचं होतं, हे तरी — त्या बल्बवर जो रंग आहे ना, त्यातला थोडा त्यांचा आहे. त्यांनी कालवलेलाच. रंग थोडा त्यांचा आहे.

अंगठा माझा आहे.

बोललो एकदाचं.

सात दुसरे बल्ब घालवले आधी, हात बसेना; मग त्या बल्बवरचा माझा नारंगी पुसला आणि त्याच्यावर केलं. फार ओला असला की अंगठा नुसता घसरतो, वाळला की रेषा उठत नाहीत. सहा वर्षं मी ठसा पडू नये म्हणून शिकलो आणि दोन दिवस ठसा पडावा म्हणून. डाव्या अंगठ्यानं करून बघितलं, तिरकेपणा उलटा येतो. उजवाच हवा होता. आणि माझ्या उजव्या अंगठ्यावर हे असं आहे — बघा, काढतो टेप — ही रेघ, आडवी. उस्तादांकडं पहिल्याच आठवड्यात बल्ब फुटला होता हातात. ही रेघ चुकवायचा किती प्रयत्न केला, तरी थोडी येतेच. रुमाल उघडा आणि बघा, होल्डरकडून मोजलं तर मधोमध. म्हणून टेप लावली होती. भाजलंबिजलं काही नाही. आणि मग, मी जोडलेली वायर मीच पुन्हा तोडली, टोकं मीठपाण्यात बुडवून हिरवी केली. नाहीतर दिवा लागला असता, तापला असता आणि रंग काळा पडला असता. इतका विचार केला मी. इतका विचार आधी केला असता तर.

शुक्रवारी नमाजानंतर गाडी घेऊन गेलो. म्हटलं, चाचा स्वतःच ओळखतील आणि सुटेन. त्यांनी मला दिव्याची काच काढायला सांगितली, भिंग आणलं, गुडघ्यावर बसले. मोतीबिंदू झालाय, दिसत काही नसणार नीट. मग भिंग खाली ठेवलं आणि स्वतःचा अंगठा त्याच्यावर अलगद ठेवला. आणि बसले.  मग म्हणाले, ‘एवढा बारीक होता होय रे मिझलचा अंगठा? माझ्या आठवणीत दांडगा होता.’ आणि मी — तिथं बोलायचं होतं, दादा, दार उघडं करून दिलं होतं त्यांनी — मी म्हणालो, ‘लाख वाळली की आक्रसते, चाचा.’ ते म्हणाले, ‘हो, तसंच असेल. आणि आपण पोरं होतो तेव्हा, सगळंच मोठं दिसायचं.’

मग कॉफी आली. चाचांनी स्वतः ओतली. मी समोर ठेवायला हवी होती. नुसती ठेवली असती तरी त्यांनी विचारलं असतं, बोल पोरा, काय आहे? मला काही सुरुवातसुद्धा करावी लागली नसती, कपानंच केली असती. पण मी उचलली. घटाघटा प्यालो, जीभ पोळली. त्यांनी अजून ओतली, तीही प्यालो. तीन वेळा. मग फिंजान, तो छोटा कप, हलवून परत दिलं, म्हणजे झालं, तुमच्या-माझ्यात काही राहिलं नाही. त्यांच्या घरची कॉफी पिऊन आलो मी. बल्ब पुसला ते अजाणता होतं, अंगठा उठवला तो भीतीपोटी, पण कॉफी मात्र मी चांगला शुद्धीवर असताना प्यालोय.

मिरवणूक झाली, चाचांनी बल्ब काढून तुमच्या हाती दिला, आणि आता तुम्ही आलात, आणि मी ओतली, आणि तुम्ही ती समोर ठेवून बसलात. आल्यापासून. मी समजलो. मला वाटलं, यांनी घरी भिंगानं बघितलंय, रेघ दिसलीय, चार माणसांना विचारलंय, आणि आता कप ठेवून बसलेत, की खरं सांग. म्हणून सांगितलं सगळं. आता काय मागायचं ते मागा. दुकान बंद कर म्हणा. चाचांच्या पायावर चल म्हणा, मी आत्ता येतो, हात धुतो आणि येतो.

काय?

अल्सर?

डॉक्टरांनी बंद केलीय कॉफी. कधीपासून? चार वर्षं. अच्छा. म्हणजे तुम्ही — म्हणजे मागणं वगैरे काही नव्हतं. नुसती डबी हवी होती. डबी घेऊन तुम्ही गेला असता आज, परवाचं विमान, आणि तिकडं घरी कपाटात ठेवला असता, मुलांना दाखवला असता. आणि मी —

अच्छा.

नाही, ठीक आहे. हसू नका. हसताय का तुम्ही? नाही. बरं, रडा. थांबा, स्वच्छ फडकं देतो, ते घेऊ नका, त्याला ग्रीस आहे. बसा तुम्ही, उठू नका लगेच. मी डबी करतो. बोलत नाही.

हा घ्या. हा तो कापूस. काडेपेटीत ठेवला होता, फेकवेना. पिळला तरी बराच निळा राहिलाय बघा, आतून. यात खोटं काही नाही, हा त्यांच्याच हातचा. मी डबीत आतून हाच लावतो, चालेल? मऊ काहीतरी लावायचंच होतं. बल्ब मधे बसेल. बल्ब फेकायचा असेल तर फेका, नुसता कापूस न्या, तुम्ही म्हणाल तसं. राहू दे म्हणता? बरं. हो, चाचा विचारतील, नीट ठेवलास का म्हणून. ते रोज विचारणार फोनवर, जाणतो मी त्यांना.

चाचांना मी सांगणार आहे, दादा. आजच. ते तुम्ही काही अंगावर घेऊ नका, तुम्ही जायच्या आधी मी सांगून टाकतो, तुमच्यादेखत. मी जाऊन बसेन, कॉफी येईल, मी ती शिवणार नाही. या वेळी नाही शिवणार. ते म्हणतील, बोल. आणि मी बोलेन. मला पाठ झालंय ते, चार दिवस तेच म्हणतोय मनात. ते हाकलून देतील तर देऊ देत. मला झोप लागेल निदान. अंगठ्याला टेप लावून फिरायचं नाही मला.

हे काय करताय?

कप का सरकवताय पुढं? तुम्हाला चालत नाही ना. ठेवा तो बाजूला, मी ओतून टाकतो.

हात मांडीवर का घेतलेत, दादा.

नको. गप्प राहा म्हणून मागू नका. दुसरं काहीही मागा. मला कळतंय, त्यांचं वय झालंय, त्यांना दिसत नाही, त्यांनी अंगठा ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिलाय, तुम्ही नाही पाहिलात, मला काय सांगता? पण मग माझं काय? ते मला रस्त्यात भेटणार, मिरवणुकीचे फोटो दाखवणार, म्हणणार, या पोरानं माझा शब्द पाळला, आणि मी ‘हो चाचा’ म्हणायचं? दर वेळी? ते जाईपर्यंत? आणि त्यानंतरही? तुमच्या माघारी मी एकट्यानं?

तुम्हालाही तेच करायचंय. हो. तेही खरं. तुमचा तर बाप.

घ्या तो कप मागं. 

गार झाली असेल ती.

मागच्या वेळी न ऐकता म्हणालो होतो. आज ऐकून म्हणतोय, म्हणजे पाळावंच लागणार.

प्या. मिळालं. एकच घोट घ्या, डॉक्टरांनी नको म्हटलंय, एकच पुरे.

झालं. ही डबी. झाकण घट्ट आहे, विमानात उघडू नका. आता जा तुम्ही. चाचांना माझा सलाम सांगा — नाही, तोही नको. जा. शटर ओढायचंय मला.